डोळ्याखालचा भोवरा आणि शिंगराचा कागद

निघोज्याच्या कंपनीत माझं काम एकच, आलेला माल आणि त्याचा कागद जुळतो का ते बघायचं. नाही जुळला तर लाल चिठ्ठी लावून परत. अशा कामानं माणूस खडूस होतो, तसा मी झालोच आहे. पण मोशीत, माझ्याच घरी, आठ वर्षं एक न जुळणारी घोडी उभी होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

घोडी वडिलांची. चारी बाजूंनी इमारती उठल्या, तरी सोसायटीच्या भिंतीला खेटून त्यांनी तिच्यासाठी पत्र्याची शेड राखली होती. मग तिला शिंगरू हवं हे त्यांच्या डोक्यानं घेतलं. मनासारखा घोडा मिळाला तो थेट राजस्थानात, आणि त्याला इथवर आणणं काही जमणारं नव्हतं. म्हणून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलला गोठवलेल्या वीर्याचं कॅन बांधून हायवेच्या गर्दीतून आले. दुसऱ्या खेपेला घोडी गाभण राहिली. आईला हा प्रकार मुळीच पटला नव्हता. "नवरा बघितला न्हाई, वरात न्हाई, आन् म्हणं पोर हुणार," असं ती भाजी निवडता निवडता घोडीलाच ऐकवायची.

शिंगरू झालं, मादी, घोडीसारखीच तांबूस. मग कागद सुरू झाले. वीर्याच्या नळीचा नंबर, ती वापरल्याची तारीख, घोड्याच्या मालकाची सही, डॉक्टरांचा दाखला. रिकामी नळी वडिलांनी सातबाऱ्याच्या पिशवीत जपून ठेवली होती. घोड्याच्या मालकाची सही कुरिअरनं आली. सहा महिन्यांच्या आत नोंद झाली नाही, तर आईबापाच्या रकान्यात कायमचं 'अज्ञात' पडणार होतं. वडिलांना तो शब्दच सहन होत नव्हता. "तिची आय हितं डोळ्यांसमोर उभी हाय, आन् अज्ञात कशी?" असं ते भेटेल त्याला विचारायचे.

शेवटची पायरी म्हणजे घोडी तिच्या जुन्या कागदाशी ताडून बघणं. त्या कागदावर घोड्याची छापील आकृती असते आणि अंगावर जिथे जिथे केसांचा भोवरा असेल तिथे फुली मारायची असते. डॉक्टरांनी एकेक भोवरा मोजला. मग घोडीच्या तोंडावर बांधलेल्या मोहरकीचा लाल गोंडा बाजूला सारला आणि थांबले. डाव्या डोळ्याखाली स्पष्ट भोवरा होता. कागदावर तिथे काहीच नव्हतं.

"एक तर ही घोडी ती नाही, किंवा हा कागद हिचा नाही," डॉक्टर म्हणाले. वडील शेडचा पत्रा न्याहाळू लागले.

डॉक्टर गेल्यावर मी वडिलांना धारेवर धरलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. डोळ्याखाली भोवरा असलेल्या घोडीला आसूढाळ म्हणतात. ती दारात बांधली की धन्यावर रडायची वेळ येते असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. आई तर पक्कं मानते. घोडी आणली तेव्हा वडिलांनी तिथे गोंडा सोडला, आकृती स्वतःच भरली आणि तेवढी एक फुली मारलीच नाही. मला भयंकर राग आला. कंपनीत असता तर मी लाल चिठ्ठी त्यांच्याच सदऱ्याला लावली असती.

दुरुस्तीसाठी प्रतिज्ञापत्र लागणार होतं आणि घोडीला पहिल्यापासून ओळखणारे दोन साक्षीदार. एक मी. जुने शेजारी जमिनी विकून कधीच पांगले होते. राहिली आई.

"ह्ये घे, हितं सही कर," वडील तिला शक्य तितक्या सहज म्हणाले. पण आई किराण्याची पुडीसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तिनं कागद पूर्ण वाचला, चष्मा काढला आणि सरळ शेडमध्ये गेली. आम्ही दोघं मागोमाग. तिनं गोंडा उचलून बघितलं.

"आठ वर्सं?"

"व्हय," वडील म्हणाले.

"माझा हात मोडला, तुमची जमीन रस्त्यात गेली. माझंच कुठंतरी चुकलं म्हणून मी शनिवार धरले, चपला घालायच्या सोडल्या. तवा तरी सांगायचं व्हतं."

वडिलांचं तोंड एवढंसं झालं होतं. मला हसू येत होतं आणि आईसाठी वाईटही वाटत होतं.

तिनं सही केली. मग माझ्या हातातला शिंगराचा कोरा फॉर्म ओढला आणि वाकून शिंगराचं तोंड स्वतःकडे वळवलं. त्याच्याही डाव्या डोळ्याखाली तसाच भोवरा होता. वडिलांनी मला तो दाखवलाच नव्हता.

"ह्यो बी लपवणार व्हता?"

"तुझ्यासाठीच गं," वडील पुटपुटले.

"मग पोर हिचीच हाय ह्ये वळखायचं कशावरनं?" असं म्हणून आईनं आकृतीवर डोळ्याखाली स्वतःच्या हातानं, पेन दाबून फुली मारली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर फॉर्म उलटसुलट करून बघत होते. "भोवरा दोन्ही बाजूंना आहे का? मागच्या पानावरपण फुली उमटलीय."

"न्हाई साहेब, एकच हाय," वडील म्हणाले. "मंडळींनी काढलाय."