माझी न झालेली कावीळ

नववीच्या दिवाळीनंतर मी शाळेत जायची थांबले. रोज सकाळी शाळेच्या फाटकापाशी रिक्षा उभी राहायची आणि माझे पाय खाली उतरायला तयार नसायचे. पोटात गोळा, तळहात ओले, आणि डोक्यात एकच: आता काय होईल? मला कोणी मारत नव्हतं, चिडवत नव्हतं, मार्कही बरे पडत होते. म्हणून तर कोणाला काही सांगता येईना. शेवटी डॉक्टरांनी आई-बाबांना 'अँग्झायटी' हा शब्द सांगितला आणि काही दिवस शाळा बंद ठेवा म्हणाले.

शब्द घरी आला खरा, पण जिन्यात कोणी विचारलं तर तो सांगायचा कसा? माझे बाबा म्हणजे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेला माणूस. बराच विचार करून त्यांनी कावीळ निवडली. ताप चार दिवसांत उतरतो, टायफॉइड म्हटलं की लोक रिपोर्ट बघायला मागतात. कावीळ कशी, भरवशाची. तीन आठवडे कोणी हूं की चूं करत नाही. शाळेला आणि सोसायटीला त्यांनी तेच कळवलं.

एक गोष्ट मात्र ते विसरले. पनवेलमध्ये कावीळ झालेल्या माणसाला कोणी एकटं सोडत नाही. दुसऱ्या दिवसापासून बिनबर्फाचा उसाचा रस, मुळ्याचा पाला, गूळ-फुटाणे असं सगळं दारात येऊ लागलं. वरच्या मजल्यावरच्या काकू तर रोज येऊन माझ्या ताटात डोकावायच्या, त्यामुळे आईला खरोखरच तेल बंद करावं लागलं. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात, इथे तर रोगही नव्हता. येईल तो माझी पापणी खाली ओढायचा, डोळ्यात बघायचा आणि म्हणायचा, "आहे गं, पिवळट आहे." इतक्या जणांना पिवळं दिसलं की मीही आरशात बघायला लागले.

तीन आठवडे संपत आले तशी काकूंनी घोषणा केली, "माझ्या माहेरी, ओव्याला, एक आजी हाय. कावीळ उतरवते. पैसा घेत नाय. चल, रविवारी जाऊ." आई नाही कसं म्हणणार? खोटं अंगाशी आलं होतं.

आजीच्या नातवांनी घराच्या जागी तीन मजली इमारत बांधली होती. आजी खाली पार्किंगमध्ये, दोन मोटारसायकलींच्या मध्ये पाट टाकून बसली होती. तिने माझ्या हातांना कोपरापर्यंत कसलासा तपकिरी रस चोळला, मग परातीत चुन्याचं पाणी ओतून त्यात ते धुतले. पाणी पिवळंधमक झालं.

"बघ गो पोरी, उतरली," आजी म्हणाली. पाणी बदलून तिने हात पुन्हा धुतले, मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी पाणी जेमतेम पिवळं झालं. "संपली. आता हुंदड."

काकूंनी हात जोडले. आईने माझ्याकडे बघायचं टाळलं. मी मात्र त्या परातीकडे बघतच राहिले. मला कावीळ नव्हती. मग हे पिवळं आलं कुठून? कितीतरी दिवसांनी मला एखाद्या गोष्टीची भीती न वाटता नुसती उत्सुकता वाटत होती, आणि ते इतकं छान वाटलं की मी धीर करून विचारलं, "आजी, हा रस कसला?"

"आंब्याच्या झाडाची साल कुटून काढलाय. दुसरं काय?" ती सहज म्हणाली. तिने काहीच लपवलं नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं, इतकंच.

घरी परतेपर्यंत काकूंच्या फोनवरून अख्ख्या बिल्डिंगला कळलं होतं की मी बरी झाले. बाबांनी शाळेला मेसेज केला: सोमवारपासून येईल. सोमवार म्हणजे उद्या! नसलेला आजार बरा झाला होता आणि असलेल्यासाठी सुट्टी उरली नव्हती. फाटकापाशी उभी राहिलेली रिक्षा डोळ्यांसमोर आली. पण डोक्यात ती परातही होती.

मी खाली गेले आणि सोसायटीच्या आंब्याची साल सुरीने खरवडली. वॉचमनकाकांकडे चुना मागितला तेव्हा त्यांनी घाबरून माझ्या तोंडाकडे पाहिलं. त्यांना वाटलं, पोरगी तंबाखूला लागली. स्वयंपाकघरात साल कुटून रस काढला, परात मांडली. माझे हात: पिवळं पाणी. आईचे हात: पिवळं. रस न लावता धुतले, तर पाणी होतं तसंच. मी हे सगळं विज्ञानाच्या वहीत लिहिलं आणि बाबांना हाक मारली.

बाबांचे हात सर्वात जास्त पिवळे निघाले. ते मोठ्याने हसले. मग माझ्याकडे बघून थांबले.

"कावीळ बरी झाली, बाबा," मी म्हणाले. "भीती तशीच आहे." आणि मला रडू फुटलं.

तेवढ्यात दार वाजलं. काकू माझ्यासाठी देवाचा अंगारा घेऊन आल्या होत्या. बाबांनी तशाच ओल्या हातांनी दार उघडलं.

"अगो बाई! तुमाला पण?" काकू किंचाळल्या.

मला वाटलं, बाबा काहीतरी उत्तर काढतील. त्यांच्याकडे असतंच. पण ते म्हणाले, "नाही वहिनी. हिलाही नव्हती. हिला शाळेत जायची भीती वाटते. आम्हाला सांगायची लाज वाटली."

काकूंनी अंगाऱ्याची पुडी चपलांच्या कपाटावर ठेवली. मग आईवर उखडल्या, "मग पोरीचं तेल का बंद केलंत?"

आईला हसावं की रडावं कळेना. काकू आत आल्या, माझ्या शेजारी बसल्या, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझी पापणी न ओढता माझ्याकडे बघितलं.

"मग उद्या नाय जाणार ही?"

"नाही," बाबा म्हणाले.

"मग कधी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पिवळे हात शर्टालाच पुसले आणि म्हणाले, "माहीत नाही."