कात्री लागलेलं रीळ

रविवारी सकाळी नऊ वाजता माझा गुन्हा प्रेशर कुकरच्या किमतीचा होता. साडेदहाला तो मिक्सरएवढा झाला. बारा वाजता नात फोनमध्ये बघून म्हणाली, "अज्जी, आता तर नवा फ्रिज येईल!" तेव्हा मी काकडी चोचवत होते. सुरी खाली ठेवली आणि जरा बसले.

लिलावात होतं ते आमच्या घरच्या सिनेमाचं रीळ. पूर्वी ज्यांच्याकडे छोटा प्रोजेक्टर असायचा, ते असली रिळं आणून घरातल्या भिंतीवर सिनेमा बघायचे. हल्ली म्हणे त्यांना वेड्यासारख्या किमती येतात. जगभरातले लोक आपापल्या सोफ्यावर बसून ऑनलाइन बोली लावतात आणि ज्याचं तोंडही बघितलेलं नाही त्याच्याशी चुरस करतात. नात राहते इथेच बंगळुरूत, सर्जापूर रोडला, महादेवपुऱ्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करते आणि रविवारी आमच्याकडे बनशंकरीला जेवायला येते. तिनेच फोटो काढून रीळ लिलावात टाकलं. खालचा मजकूर मात्र आजोबांचा. आमचे हे सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते. यांनी 'ठीक' म्हणून पुढे पाठवलेला माल कधी परत आला नाही, असं हे सांगतात आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. रिळाबद्दल यांनी सांगितलं, "लिही. बारा मिनिटं. स्थिती उत्तम. पूर्ण. कुठेही काटछाट नाही."

काटछाट होती. तीन ठिकाणी. मी केली होती.

पन्नासेक वर्षांपूर्वी कारखान्याने यांना सहा महिने जर्मनीला ट्रेनिंगला पाठवलं. कॉलनीतल्या इतर बायकांचे नवरे परदेशातून नायलॉनच्या साड्या आणायचे. यांनी प्रोजेक्टर आणला, आणि सोबत नव्याकोऱ्या डब्यातलं एक रीळ. डब्यावर समुद्रकिनारा, टोपीवाला माणूस आणि पोहायच्या कपड्यांतली बाई. मी तेव्हा सव्वीस वर्षांची. भारतीय संस्कृतीचा बंगळुरू विभाग आपल्याकडे सोपवलेला आहे, अशी माझी ठाम समजूत. ती सव्वीस वर्षांची मी आज सून म्हणून दारात आले, तर मी तिला चहा पाजून परत पाठवीन.

त्यातून सासूबाई बेळगावहून येणार होत्या. रविवारी दुपारी खिडक्यांना चादरी लावून पहिला खेळ करायचा असं ठरलं. शनिवारी हे कामावर गेल्यावर मी डबा उघडला, रीळ गादीवर उलगडलं आणि खिडकीच्या उजेडात धरून एकेक चित्र तपासलं. चित्रं करंगळीच्या नखाएवढी. एवढ्याशा जागेत अश्लीलता शोधायला चिकाटी लागते, ती माझ्यात होती. ब्लाउजच्या कात्रीने तीन तुकडे कापले, उरलेलं चिकटपट्टीने जोडलं आणि तुकडे न्हाणीघरातल्या बंबात घातले. असा वास सुटला, की शेजारच्या अक्कांनी कुंपणावरून हाक मारली, "एन्री, काय जळतंय?"

"कारली, अक्का. स्वल्प करपली."

रविवारी खेळ झाला. टोपीवाला माणूस किनाऱ्यावर येतो. बाई दिसते. तो अदबीने टोपी उचलतो. टक्. लाटा. टक्. रिकामी वाळू. टक्. तो बाळाची गाडी ढकलत चाललाय आणि गाडीत जुळी आहेत.

मग सासूबाई म्हणाल्या, "काय की बाई! तुझ्या सासऱ्यांनी जन्मात माझ्यापुढं टोपी काढली नाही, तरी पाच झाली."

म्हणजे संस्कृती वाचवायला गेले मी आणि सिनेमा होता त्याहून चावट करून ठेवला.

यांना गोष्टीचं काही वाटलं नाही. परदेशी लोक वेळ वाया घालवत नाहीत, एवढंच म्हणाले. यांना खुपला तो टक्. तसा टक् तीनदा व्हायचा, जिथे माझी चिकटपट्टी मशीनमधून जायची तिथे. यांचं निदान असं, की दात्यांच्या चाकात दोष आहे. मग दर दिवाळीआधी प्रोजेक्टर टेबलावर उघडायचा, पुसायचा, तेल घालायचं. मी शेजारी बसून वाती वळायची. लागला तर स्क्रू ड्रायव्हरही द्यायची. रीळ उलगडून बघितलं असतं तर एका मिनिटात सापडलं असतं. पण बोटांचे डाग पडतात म्हणून रीळ कोणी उलगडायचं नाही, असा यांचाच नियम होता.

तर लिलाव चार वाजता संपायचा होता. दोन वाजता किंमत आमच्या पहिल्या स्कूटरपर्यंत पोचली. हे पांढरे सुती हातमोजे घालून टेबलाशी बसले होते, डब्यावरची धूळ टिपत. नातीला म्हणाले, "बघ. आपण पूर्ण म्हटलं की लोक विश्वास ठेवतात."

पैशांचं मला काही नव्हतं. पण उद्या कुठल्यातरी गावी कोणीतरी ते रीळ उलगडणार, माझी पिवळी पडलेली चिकटपट्टी बघणार आणि म्हणणार, हा म्हातारा खोटं लिहितो. ते ऐकायला हे तिथे नसणार, पण मला ते इथे ऐकू यायला लागलं होतं.

"अहो," मी म्हटलं, "ते काटछाट नाही असं लिहिलंय, ते जरा काढा."

"का?"

"काटछाट आहे."

"कोणी केली?"

"मी."

यांनी एकेक बोट सोडवत हातमोजे काढले. दोन्ही हातांचे. मग म्हणाले, "टक्."

"हो."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"मी दोनदा ते चाक बदललं."

"मला माहीत आहे. छान बदललंत."

हे रागावले असते तर बरं झालं असतं. यांनी नातीकडे वळून तपासणी अहवाल सांगायला घेतला. "लिही. तीन ठिकाणी कापलेलं, घरी जोडलेलं. कापलेले भाग नष्ट. कारण..." आणि माझ्याकडे बघितलं.

"अश्लीलता," मी म्हटलं.

"कोणी ठरवलं?"

"मीच."

नात म्हणाली, "अज्जी, तू काय सेन्सॉर बोर्ड होतीस?"

"बोर्ड कसलं गं. एकटीच होते."

मजकूर बदलल्यावर बोलीवाले पटापट उठून गेले. माझा गुन्हा स्कूटरवरून फ्रिजवर आणि फ्रिजवरून मिक्सरवर आला. साडेतीनला एकच जण उरला. त्याने विचारलं, कापलेल्या भागांत काय होतं?

"सांग," हे म्हणाले.

मला सगळं आठवत होतं. दोन तास डोळे फोडून बघितलेलं कुठे विसरतंय? "पहिल्यात ती त्याची टोपी हिसकावून पाण्यात पळते. दुसऱ्यात तो बुटांसकट तिच्यामागे पाण्यात शिरतो, दोघं पडतात आणि हसत सुटतात. तिसऱ्यात दोघं छत्रीच्या आड बसलेले."

"आड काय करतायत?" नातीने विचारलं.

"छत्रीच दिसते गं."

"मग कापलंस कशाला?"

"छत्री हलत होती."

नात टेबलावर डोकं टेकून हसत राहिली. हे हसले नाहीत. म्हणाले, "छत्रीचं लिही. हलत होती हेही लिही." तिने लिहिलं. पलीकडच्याने आभार मानले आणि बोली तशीच ठेवली. चार वाजता रीळ त्याचं झालं.

नात पॅकिंगला खोका शोधायला गेली. हे डबा हातात धरून तसेच बसून होते.

"म्हणजे ती बाई हसायची," हे म्हणाले.

"खूप."

"आपल्या रिळात एकदाही हसत नाही."

"नाही हसत."

"इतकी वर्षं मी उगाच त्या माणसाची कीव करत होतो," हे म्हणाले, आणि चहा मागितला.