जावयाच्या शर्टाची कॉलर

आमच्याकडं जावयाचे लग्नाचे कपडे मुलीकडच्यांनी घ्यायचे. बस्त्याला जीप भरून माणसं दुकानात जाऊन बसतात, चहा पितात, सगळी कपाटं उपसायला लावतात आणि नवरदेवाला काय आवडतं ते सोडून बाकी सगळं विचारतात. माझ्या भाचीच्या लग्नात अडचण एवढीच झाली की नवरदेव निघाला स्कॉटलंडचा. पोरगी तिकडं नोकरीला गेली आणि तिथंच जमवलं. पोरगं गुणी, आईला धरून राहणारं. त्यानं कळवलं की सकाळच्या विधींना तुम्ही म्हणाल ते नेसतो, पण संध्याकाळी रिसेप्शनला आमच्याकडचा किल्ट घालीन. किल्ट आजोबांचा आहे, कोट आहे, गळ्याला बांधायचा बो आहे. तुमची रीतच असेल तर एक पांढरा शर्ट तेवढा शिवा.

किल्ट म्हणजे काय, हे माझ्या धाकट्या भावाला, पोरीच्या बापाला, मोबाईलवर फोटो बघून कळलं. गुडघ्यापर्यंतचा चौकड्याचा घागराच की तो! तो नांदेडला असतो, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेला. साऱ्या जन्मात त्यानं साहेबापुढं शर्टाची बाही दुमडली नाही, अन् आता त्याचा जावई उघड्या गुडघ्यांनी स्टेजवर उभा राहणार. त्यानं मला लातूरला फोन लावला. "आक्का, तू ये. पोरगी ऐकून न्हाई राहिली."

मी गेले. त्याला म्हटलं, अरे, आपला बाप जन्मभर धोतर नेसला, गुडघे त्याचेही दिसायचेच की. तर म्हणतो कसा, ते धोतर होतं, त्याला चौकडा नव्हता. आता ह्यावर काय बोलणार, कप्पाळ! मला त्याचा लई राग आला. पोरीनं एवढं नाव काढलं त्याचं काही नाही, आणि उमरी-नायगावची भावकी हसंल ह्याची धास्ती. पण रागाच्या खाली वाईटही वाटत होतं, कारण पोरीनं बापाला एकच गोष्ट मागितली होती. रिसेप्शनला पप्पांनी स्टेजवर माझ्या शेजारी उभं राहायचं. त्यावर हा म्हणाला होता की मी आचाऱ्याकडं बघतो, पाहुणे उपाशी राहायला नकोत. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं हाव आणि न्हाई एवढ्यावर आलं होतं.

मग भावाला एक युक्ती सुचली. कॉलर अशी जबरदस्त शिवायची की बघणाराची नजर गळ्यातच अडकून पडली पाहिजे, तिथून खाली उतरायलाच नको. मी एवढी हसले की चहा साडीवर सांडला. तो रुसला, पण युक्ती काही सोडली नाही.

झालं, एका शर्टाच्या कापडासाठी बस्त्याला आख्खी जीप निघाली. गंमत अशी की माझ्या भावासमोर किल्ट हा शब्द कोणी काढीना. सगळ्यांच्या पोटात तेच, पण ओठावर कॉलर. उमरीचे चुलते म्हणाले, चायनीज कॉलर लावा, माणूस पुढारी दिसतो. त्यांच्या जावयानं मोबाईलवर विलायती नवरदेवांच्या फोटोतली उभी कॉलर दाखवली, पुढं दोन टोकं दुमडलेली. दुकानातला टेलर म्हणाला, ही तर आपण बँडवाल्यांना शिवतो. ह्या टेलरनं आमदारापासून बँडवाल्यापर्यंत सगळ्यांचे कपडे शिवले होते आणि कॉलर सगळ्यांना एकच लावायचा, पण बोलायचा असा की जणू विलायतेतच शिकून आलाय. भावाचा जीव मात्र एका फोटोतल्या गळ्याच्या झालरीवर गेला. छातीभर लोंबती झालर, म्हणजे नजर अडकवायचं कामच फत्ते. भाचीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं की ती झालर वेगळ्या कोटावर घालतात, ह्या कोटावर नाही. शेजारी बसलेला जावई हात जोडून म्हणाला, साधी दुमडलेली कॉलर पुरे, तिच्याखाली बो नीट बसला म्हणजे झालं.

आता आमच्याकडं पाहुण्यानं "थोडंच वाढा" म्हटलं की आपण ताट भरून वाढतो. लाजून म्हणतोय बिचारा, असं धरून चालतो. तोच न्याय इथं लावला. जावई साधी म्हणाला ना, मग साधी नकोच. उघड्या पंख्यासारखी रुंद कॉलर ठरली, आत बकरम दुहेरी, वरून खळ. मी म्हटलं, अरे, पोराची मान मोडंल. माझं ऐकतंय कोण?

रिसेप्शनला जावई आला, तेव्हा खरं सांगते, राजबिंडा दिसत होता. फक्त मान हलत नव्हती. कोणी डावीकडून हाक मारली की सगळाच्या सगळा वळायचा. लोक आधी कॉलरीकडंच बघत होते हेही खरं. भाऊ आचाऱ्याच्या कनातीआडून डोकावत होता, चेहऱ्यावर असं समाधान जसं काही त्यानंच पोरगं घडवलं. स्टेजवर पोरगी बापाशिवायच आल्यागेल्याला नमस्कार करत होती अन् मधूनच कनातीकडं बघत होती.

आणि मग टॉवेल-टोपीचा आहेर सुरू झाला. नवरदेवाकडून आले होते दोघंच, तो आणि त्याची आई. त्याच्या बापाचा मान, मामाचा मान, चुलत्याचा मान, आमच्या लोकांनी सगळे मान त्या एकट्याच्या गळ्यात घातले. मान कसा चुकवणार? टॉवेलावर टॉवेल, डोक्यावर टोपी, वरून हार. एवढा खल करून शिवलेली कॉलर पार दिसेनाशी झाली आणि जावयाचं उघडं राहिलं ते नेमकं गुडघ्यापाशी. नायगावचा एक पाहुणा शेजाऱ्याला म्हणाला, अरे, टॉवेल वर कशाला घालून राहिले, खाली गुंडाळा की. पहिल्या दोन रांगा खदखदल्या.

भावानं ते ऐकलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाटलं, आता हा गेटातून जो जाईल तो पोरीला पाठवणीलाच दिसेल.

तो निघाला, पण सरळ स्टेजवर चढला. जावयापुढं उभा राहून एकेक टॉवेल काढायला लागला. घालणाऱ्याचा मान जाऊ नये म्हणून प्रत्येक टॉवेल आपल्याच खांद्यावर टाकत होता. जावयाला वाटलं, हाही एखादा विधीच असेल. तो प्रत्येक टॉवेलाला हात जोडायचा, आणि मान वाकत नव्हती म्हणून गुडघ्यात वाकायचा. लोक पोट धरून हसत होते. भावानं शेवटचा टॉवेल काढला, दोन्ही हातांनी कॉलर सरळ केली आणि मांडवाकडं वळून साहेबी आवाजात म्हणाला, "नीट बघा. ही मी पसंत केली हाय."

कॉलरीचं म्हणाला की जावयाचं, देव जाणे. माझे डोळे मात्र भरून आले. मग भाऊ भानावर आला, खाली उतरायला लागला, तर पोरीनं त्याची बाही धरली.

"तिकडं वरण लागलं असंल," तो म्हणाला.

"लागू द्या, पप्पा," ती म्हणाली.

तो थांबला. टॉवेल खांद्यावर तसेच ठेवून, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत जावयाच्या बाजूला उभा राहिला. वरण खरंच करपलं होतं. आमच्या भावकीत त्या लग्नाचा विषय निघाला की आजही सगळे त्या वरणालाच नावं ठेवतात.