अक्काला न विचारता

जळगावच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी कारकून आहे, तिथे पारोळ्याहून ट्रंक कॉल आला. बोलत होते अक्काचे दीर, नाना. "वहिनी गेली," ते म्हणाले. मी निघतोच म्हणालो, तर म्हणाले, "या. पण सांगून ठेवतो, तुम्हाला कळवू नका म्हणत होती ती. मी आपलं माझ्या मनाने कळवलं." आजूबाजूला सरकीची धूळ, मशीनची घरघर... आणि माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीने मरताना मला नको म्हटलं होतं.

माणूस गेलं की त्याच्या मायेच्या गोष्टी लिहायची रीत आहे. अक्काबद्दल तसं लिहिणं खोटं होईल. ती कडक होती, बोलायला वाईट होती आणि शेवटच्या महिन्यांत तिने माझा मनापासून द्वेष केला. मी तिला वाचवलं की तिच्यावर सूड उगवला, याचं उत्तर मला तिच्या हयातीत मिळालं नाही. आता ती गेल्याला महिना उलटला, तरी तोच प्रश्न घेऊन बसलो आहे.

तरुणपणीच ती विधवा झाली. मूलबाळ नव्हतं. पारोळ्याला दिराच्या घराला लागून दोन खोल्या आणि मोठं अंगण एवढंच तिचं राज्य. पण उन्हाळ्यात त्या अंगणात अख्खी गल्ली उडदाचे पापड लाटायला जमायची आणि पीठ फक्त अक्का तिंबायची. आंघोळ करून, ओलेत्याने पाणी आणून, दुसऱ्या कोणाचा हात लागू न देता. अंगठ्याने पिठाचा उंडा दाबून ती "व्हयना", म्हणजे झालं, म्हणायची, तेव्हाच लाट्या तुटायच्या. सोवळं असं की विचारू नका. माझं लग्न झालं त्या पहिल्या उन्हाळ्यात माझी बायको सुमन पाळीमुळे बाजूला बसलेली असताना चुकून अंगणातून गेली, पदर परातीला लागला. अक्काने सगळ्यांदेखत सगळं पीठ उचलायला लावलं. "बठ्ठं म्हैसले टाका!" एवढंच बोलली. सुमन दिवसभर रडली. मी अक्काला एक शब्द बोललो नाही, तेही सुमनने लक्षात ठेवलं.

अंगावरून जातं, हे अक्काने वर्षभर कोणाला सांगितलं नाही. पोट दुखायला लागलं तेव्हा तिने एरंडेल घेतलं. आमच्याकडे पोटाच्या कुठल्याही तक्रारीला एरंडेल. शौचाला होईना, तर जास्त घेतलं. पोट फुगलं, कळा मारायला लागल्या, तर आणखी घेतलं. शेवटची बाटली मीच जळगावहून नेली होती. मग उलट्या सुरू झाल्या आणि त्या उलट्यांना शौचाचा वास यायला लागला, तेव्हा कुठे मी तिला धुळ्याच्या इस्पितळात आणलं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला, एरंडेलाचं ऐकलं आणि माझ्यावरच ओरडले, "पुढे वाट बंद, आणि मागून तुम्ही रेटताय! आतडं फुटलं असतं म्हणजे?" गर्भाशयाचा कॅन्सर होता, पोटभर पसरलेला. त्याने आतडं बाहेरून आवळून टाकलं होतं. मुळापासून काही करता येण्यासारखं नव्हतं. पोटावर डाव्या अंगाला भोक पाडून शौचाला तिथून वाट काढायची, एवढंच हातात होतं. तसं केलं तर काही महिने. नाही केलं तर काही दिवस.

अक्काच्या नाकात नळी होती, तरी तिने सगळं नीट ऐकलं. डॉक्टर गेल्यावर मला जवळ बोलावलं. "मना पोटवर संडास काढानं नही," ती म्हणाली. "मरानं माले शे, तुले नही."

मी समजावलं. जीव वाचला तर पुढचं पुढे बघू म्हणालो. ती म्हणाली, "मंग मना हातनं पीठ कोन खाई? तू?"

दुसऱ्या दिवशी तिची शुद्ध हरपत चालली होती, इंजेक्शनची गुंगी होती. डॉक्टरांनी विचारलं, "तुम्ही भाऊ ना? काय ठरलं?" सुमन शेजारी उभी होती. तिने माझी बाही धरली.

"त्या नाही म्हणाल्यात."

"तिला काय कळतंय आता?"

"काल कळत होतं ना! काल सगळं कळत होतं त्यांना." मग हळूच म्हणाली, "त्या पिठाचं मनात धरून, माझ्यावरून करत असाल तर नका करू हो."

जिला अक्काने सर्वांत जास्त छळलं, तिने हे म्हणावं... मी डॉक्टरांना "करा" म्हणालो. मनात बहिणीचा जीव होता, हे खरंच आहे. पण दोन दिवस तो वास नाकात बसला होता, आणि तो कसाही करून थांबवायचा होता, हेही तितकंच खरं आहे. त्यातलं कोणतं जास्त होतं, ते मी शपथेवर सांगू शकणार नाही.

शुद्धीवर आल्यावर अक्काने पांघरुणाखाली हात घातला, चाचपलं, हात बाहेर काढला. रडली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुनी मर्जीनं करं ना? आते तूच धू." आणि खरोखर तिने सिस्टरला हात लावू दिला नाही, सुमनलाही नाही. सिस्टरने लांब उभं राहून सांगायचं आणि मी करायचं. कोमट पाण्याने पुसायचं, धुतलेल्या जुन्या धोतराच्या घड्या ठेवायच्या, वरून पट्टा आवळायचा. तेवढा वेळ ती पोटाकडे बघत नसे, माझ्या तोंडाकडे बघे. मी श्वास रोखला की तिला लगेच कळे. "नाक कशाले दाबस? हाऊ वास तूच लयना." हा वास मीच आणला, असं तिचं म्हणणं. खाटेभोवती भेटायला आलेले नातेवाईक रुमाल तोंडाला लावून "काळजी घ्या हं" म्हणत मागच्या मागे सरकत. त्यांचा मला संताप येई. माझा संताप अक्काला येई.

जळगावला, मेहरूणमध्ये माझ्या घरी यायला तिने साफ नकार दिला. पारोळ्याला सोडून आलो. पुढे दर रविवारी एस.टी.ने जात होतो. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. एकदाच वळून म्हणाली, "तुना जीव शांत व्हयना का?" त्यानंतर मी एक रविवार चुकवला, मग दुसराही, आणि मग जिनिंगच्या सीझनचं निमित्त मिळालं.

तेराव्याला पारोळ्यात सगळे माझी स्तुती करत होते. भाऊ असावा तर असा! ऑपरेशन केलं म्हणून तिला आणखी एक उन्हाळा मिळाला! मला ते ऐकायचं होतं, त्यासाठीच गेलो होतो म्हणा ना. नानांच्या बायकोला, कमलबाईंना, मी एकीकडे विचारलं, "कसा गेला हो तो उन्हाळा?" त्यांनी मला अंगणाच्या कुडाबाहेर नेलं. तिथे निंबाखाली मातीचा हातभर ओटा होता. पट्टा आवळून, वाकून, अक्काने तो स्वतः घातला होता, स्वतः सारवत होती. पापड सुरू झाले तेव्हा बायका आत, अंगणात. अक्का बाहेर, ओट्यावर. तिथूनच ओरडायची: पाणी जास्त झालं, अजून कुटा, हात मेले का तुमचे! कुडाच्या फटीतून बघून पीठ झालं की नाही ते सांगायची. हात एकदाही लावला नाही.

"आम्ही नही सांगं बाहेर बसाले," कमलबाई घाईने म्हणाल्या. "तीच बसे."

"आणि आत ये म्हणालात कधी?"

त्या आत निघून गेल्या. मीच काय तो सगळ्यांवर चिडलेला. मी तिला ज्या जागी आणून बसवलं होतं, त्या जागी बसून बघावं असं वाटलं. बसलो. कुडाच्या फटीतून अंगण बारीक, चिरलेलं दिसत होतं. माणसं दिसत नव्हती, नुसते हात दिसत होते. तेवढ्यात दारातून कमलबाईंची हाक आली, "भाऊ, तठे नका बसू!"

का, ते विचारायच्या आधीच मी चटकन उठलो आणि पाठीमागून पँट झटकली.