बसलेलं पातं

मामा एकतीस वर्षं एकच चाक फिरवत होते. रुग्णालयाच्या तळघरात, तपासणी विभागाच्या शेवटच्या खोलीत त्यांचं यंत्र. माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा मेणात बसवून ठोकळा करायचा, तो यंत्रात आवळायचा आणि हाताने चाक फिरवत काप काढायचे. एका केसाच्या जाडीचे वीस भाग करा, त्यातल्या एका भागाएवढा काप. श्वास जोरात सोडला तर उडून जातो. तो कोमट पाण्यावर सोडायचा, सुरकुती गेली की काचेवर उचलायचा. मग वरचे डॉक्टर तो बघणार आणि रोगाचं नाव सांगणार.

दिवसाला दीडशे ठोकळे. फाटलेला काप मामांनी कधी वर पाठवला नाही. सुट्टीच्या दिवशीही त्यांचा उजवा हात मांडीवर गोल गोल फिरत असे.

नवं कोरं पातं मात्र त्यांना आवडत नसे. नव्या धारेला डोळ्यांना न दिसणारी कूस, म्हणजे बारीक खरखरीत काटा, असतो, तो पहिल्याच ठोकळ्यात काप फाडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नाजूक काम आलं की आधी एखाद्या दणकट ठोकळ्यावर पातं चालवून ते बसवून घ्यायचे. हाताखालच्यांना सांगायचे, "नवी सून आणि नवं पातं, पहिल्याच दिवशी पाहुण्यांपुढे उभं करू नये."

गेल्या दोन वर्षांत एक नवा नियम आला होता. ज्या ठोकळ्याचे काप जनुकं वाचायला जाणार, त्याला दर वेळी नवं पातं आणि नवं पाणी. आधीच्या माणसाचा कणभरही अंश पुढच्यात जाता कामा नये. नियमाचा कागद भिंतीवर चिकटवला होता. मामा तो पाळत. एकदाच पाळला नाही.

त्यांची बायको अठ्ठावीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होती. कधी विडी ओढली नाही, तरी फुप्फुसात गाठ निघाली. जनुकं वाचून डॉक्टरांनी एक गोळी दिली. गाठ आक्रसली. चौदा महिने ती जिने चढली, शेजाऱ्यांशी भांडली, एकदम ठणठणीत. मग खोकला परत आला. गाठीने गोळीला दाद देणं बंद केलं होतं. का, ते कळायचं तर गाठीचा नवा तुकडा काढून तिची जनुकं पुन्हा वाचायला हवी होती.

सुई घातली तेव्हा फुप्फुसातून हवा सुटली. बायको चार दिवस नळी लावून पडून होती. हाती आला तो शिवणाच्या दोऱ्याएवढा तुकडा.

ठोकळ्यावर नाव नसतं, नंबर असतो. शेवटी सत्तावन्न. मामांना तो पाठ होता. इतका बारीक दोरा खोलीत दुसऱ्या कुणाला कापता आला नसता. यंत्रात तेव्हा जे पातं होतं, त्याने नुकताच एक मोठा ठोकळा लोण्यासारखा कापला होता. मामांनी नव्या पात्याची डबी हातात घेतली. कूस निघाली तर? तिच्या दोऱ्याची चिंधी होईल. त्यांनी डबी खाली ठेवली. बसलेलं पातं पुसलं, पाण्यावरून कागद फिरवला आणि चाक फिरवलं. काप असे निघाले की स्वतःलाच शाबासकी द्यावी.

दोन आठवड्यांनी आकडेवाली उड्या मारत खाली आली. ती वरच्या मजल्यावर संगणकापाशी बसून जनुकांचं वाचन तपासायची.

"मामा, मी सांगायचं नसतं, पण राहवत नाही. मामींच्या गाठीत नवा बदल सापडलाय. त्याच्यामुळेच जुनी गोळी चालेना. पण यावर दुसरी गोळी आहे!"

मामा खुर्चीत बसले. "पक्कं?"

"शंभर वाचनांपैकी सातांत दिसतोय. थोडा आहे, पण गाठीतल्या सगळ्या पेशी काही एकदम बदलत नाहीत. याच आठवड्यात आणखी एकाला हाच बदल निघाला. एक्केचाळीस नंबर. त्याच्यात तर ढीगभर."

ती गेली. मामांनी नोंदवही उघडली. अक्षर त्यांचंच होतं. एक्केचाळीस. त्याच्या लगेच खाली सत्तावन्न.

लोण्यासारखा कापलेला मोठा ठोकळा.

त्यांनी वही मिटली, परत उघडली. आकडे तेच.

घरी गेले तर बायकोने जुनी चामड्याची कंडक्टरची बॅग झटकून ठेवली होती. डॉक्टरांचा फोन येऊन गेला होता. "सोमवारपासून नवी गोळी. तिकिटांच्या जागी गोळ्या ठेवते. अहो, हसा की जरा!"

मामा हसले.  गप्प बसलं तर काय, याचा हिशोब त्यांना कळत होता. दुसऱ्याच्या रोगावरची गोळी ती महिनोन्‌महिने घेणार, आणि गाठ आत निवांत वाढणार. बोललं तर हातची गोळी जाणार, नोकरी कदाचित जाणार, आणि ठोकळ्यात उरलाय तो दोरा परत कापायला पुरेल की नाही, देव जाणे.

सकाळी चहा पिताना बायको म्हणाली, "ज्याने तिकीट काढलेलं नसतं ना, तो माणूस खिडकीबाहेर बघतो. तुम्ही कालपासून खिडकीबाहेर बघताय."

मामांनी सांगितलं. एका दमात, पात्यापासून नोंदवहीपर्यंत.

 बॅगेचा पट्टा तिने मुठीत इतका आवळला होता की बोटं पांढरी पडली.

"म्हणजे मागच्या प्रवाशाचं तिकीट माझ्या हातात दिलंत."

"बहुतेक."

"बहुतेकवर गाडी सुटत नाही. जा. सांगून या." मग हळू आवाजात, "उरलंय का काही त्या ठोकळ्यात?"

"थोडं."

"मला परत सुई नको हो."

मामा वर गेले. आकडेवालीसमोर आणि विभागाच्या मोठ्या बाईंसमोर उभं राहून सगळं सांगितलं. आकडेवाली लगेच संगणकाकडे वळली. प्रत्येक माणसाच्या जनुकांत जन्मापासूनच्या त्याच्या अशा खुणा असतात. मिसळ झाली असेल तर दुसऱ्याच्याही खुणा दिसणार. अर्ध्या तासाने तिने चष्मा काढला.

"आहे. आत दुसरं माणूस आहे. मिसळ एवढी थोडी की संगणकाने इशारा दिला नाही, आणि आनंदात मीही शोधली नाही."

मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "लेखी द्या. काय चुकलं, कधी, कुणाचं." मामांनी चार ओळी लिहिल्या. बाईंनी वाचून कागद बाजूला ठेवला. "आता परत कापायचं कुणी?"

मामांनी स्वतःकडे बोट केलं.

"एवढाच दोरा उरलाय, मामा."

"चाकावर माझा हात नाही चुकत."

"दाखवा."

खाली येऊन मामांनी हात चाकावर ठेवला. मग काढून घेतला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बाई शेजारी स्टूल ओढून बसल्या. "बसते मी. घाई नाही."

मामांनी यंत्र स्पिरिटने पुसलं. दोनदा. भांड्यातलं पाणी ओतून नवं भरलं. ठोकळा बर्फावर ठेवला, मेण कडक व्हावं म्हणून. नव्या पात्याची डबी उघडली. मग चाक फिरवलं.

पहिला काप उभा फाटला. कूस.

मामांनी डोळे मिटले. "आठ लागतात. ठोकळ्यात फार तर नऊ असतील. एक गेला."

"गेला कुठे?" बाई म्हणाल्या. "उचला तो."

"फाटलाय, बाई."

"मग फाटू दे की! हे काचेवर बघायचं नाही, नळीत विरघळवून वाचायचं आहे. चिंधी चालते, चुरा चालतो. फक्त तिचाच असला पाहिजे."

मामा बाईंकडे बघत राहिले. म्हणजे बसलेल्या पात्याची गरजच नव्हती. सरळ, देखणा काप इथे कुणी मागितलाच नव्हता. त्यांनी चिमट्याने तो फाटका काप उचलून नळीत टाकला. मग दुसरा. चौथा परत फाटला, तोही टाकला. आठ भरले. नववा निघालाच नाही, नुसतं मेण आलं. ठोकळा संपला होता.

नऊ दिवस मामा कामावर गेले, पण चाकाला हात लावायची त्यांना परवानगी नव्हती. ते ठोकळ्यांवर नंबर घालत बसले. फोन वाजला की नंबर चुकायचे.

दहाव्या दिवशी आकडेवाली खाली आली. या वेळी उड्या मारत नाही, जिन्याच्या कठड्याला धरून.

"तो बदल नाहीये, मामा. सातही नाही, एकही नाही. पण दुसरं आहे. एका जनुकाच्या प्रती वाढल्यात. चारपाच पट. मागच्या वाचनातही होत्या, पण सोपं उत्तर हाताशी होतं, म्हणून कुणी पुढे बघितलं नाही."

"त्यावर गोळी आहे?"

"गोळी नाही. जुन्या गोळीच्या जोडीला सलाईनमधून औषध. काहींना लागू पडतं."

"काहींना," मामा म्हणाले.

"हो."

पुढच्या आठवड्यात बायको उपचाराच्या खोलीत आरामखुर्चीवर बसली. हाताला सुई, मांडीवर बॅग. मामा शेजारी. औषध थेंब थेंब उतरत होतं. समोर मोठी खिडकी होती.

"परत बाहेर बघताय," ती म्हणाली.

"भीती वाटते गं."

"मलाही वाटते." तिने मोकळा हात त्यांच्या मांडीवर फिरणाऱ्या हातावर ठेवला आणि तो थांबवला. "पण तिकीट या वेळी माझंच आहे ना?"

"तुझंच."

"मग बसा गप्प. पोचू तिथे पोचू."