मनकर्णाच्या ट्रॅक्टरमधली हवा

ट्रॅक्टरशेजारी उकिडवं बसून पाइपाच्या जोडाला कान द्यायचा, आणि त्याच क्षणी सीटवर बसून लिफ्टचा लिव्हरही ओढायचा. एकट्यानं. जमेल तुम्हाला?

नाही ना? मग मनकर्णा त्या बुधवारी लोखंडाला शिव्या का देत होती, ते तुम्हाला कळेल.

खर्डा गावाच्या अलीकडं तिची वस्ती. दिवाळीचा पाडवा झाला की घरांना कुलपं लागतात आणि दारापुढं बोराट्यांचे काटे पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. असे सगळे कोयते मुकादमाच्या गाडीत बसून कोल्हापूरकडं ऊसतोडीला जातात. मागं उरतात ती म्हातारीकोतारी. यंदा त्यांच्यात मनकर्णाही उरली, आणि ती काही म्हातारी नव्हती. लग्न झाल्यापासून दर साल मोळ्या वाहिल्या होत्या तिनं. यंदा मात्र नवऱ्याला, कल्याणला, तिनं तोंडावर सांगितलं, ‘‘मी न्हाई येनार. मिनी ट्रॅक्टर हाय, पेरनी यंत्र हाय. आपलं रान पेरते, मग लोकांचंबी पेरून देते.’’

‘‘म्हंजी मी अर्धा कोयता? फडात लोक हसतील मला.’’

‘‘हसू द्या. हसल्यानं मोळी जड होत न्हाई.’’

शेवटी ठरलं ते असं : हरभरा वेळेत पेरला गेला तर ती राहील. ओल उडाली आणि रान पडीक राहिलं, तर शनिवारी मुकादमाची दुसरी गाडी निघते, तिच्यात मुकाट बसायचं. कल्याण धाकट्या भावाला जोडीला घेऊन गेला. जाताना एक शब्द बोलला नाही.

आणि बुधवारी पेरणीच्या पहिल्याच ओळीला, पहिल्याच तासाला, लिफ्टनं दगा दिला. तासाच्या टोकाला वळायचं तर पेरणी यंत्र वर उचलावं लागतं. लिफ्ट थरथरत वीतभर उठली आणि धापकन खाली बसली. तेलाच्या दाबानं लिफ्ट उचलणारा पंप चिरडलेल्या कुत्र्याच्या पिल्लासारखा केकाटत होता. हवा शिरली होती तेलात, हे तिला ऐकूनच कळलं. तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल खुणेपर्यंत होतं, पण ताकासारखं फेसाळलेलं. तेल पुरेसं आहे, म्हणजे जोडात खोट आहे, असं तिनं धरलं.

पंप ज्या पाइपातून तेल ओढतो, त्याचा जोड सैल असला की तेल बाहेर गळत नाही. हवाच आत खेचली जाते. वरून सगळं कोरडं, आत फेस. त्याला उपाय असा की जोडावर ग्रीस थापायचं आणि कान द्यायचा. केकाटणं थांबलं, तर चोर तिथंच. पण कान द्यायला एक माणूस लागतो आणि लिव्हर ओढायला दुसरा.

दुसरा आणायचा कुठून? मतदान असलं की हीच माणसं फडातून उचलून आणायला पुढाऱ्यांच्या गाड्या धावतात. ‘‘डिझेल आपलं, वडापाव आपला,’’ म्हणतात. पेरणीला कुणाची गाडी येत नाही. मनकर्णा कुलपांपुढून चालत गेली आणि शेवटच्या घरातून बनुबाईला घेऊन आली. बनुबाई वस्तीतलीच म्हातारी, कंबरेत वाकलेली, जिभेनं मात्र ताठ.

‘‘मला ह्या घोड्यावर बसवती व्हय गं? माज्या लग्नातबी कुनी बसवलं न्हाई.’’

‘‘बसा मावशी. मी हाक मारली की ह्यो दांडा मागं घ्यायचा. दुसऱ्या कशाला हात लावू नका.’’

‘‘आन् पळालं म्हंजी?’’

‘‘गियर न्हाई टाकलेला. कुठं पळतंय?’’

मनकर्णानं हाक मारली. बनुबाईनं नेमका दुसरा दांडा ओढला. इंजिन भडकलं, धुराचा लोट उठला आणि म्हातारी किंचाळली, ‘‘आगं बया! ह्यो बोंबलतोय का मी?’’

दोघी पोट धरून हसल्या. मग नीट झालं काम. एकेका जोडावर ग्रीस थापलं, पण केकाटणं तसंच राहिलं. बनुबाई काठी टेकत घरी गेली आणि वस्ती पुन्हा गप्प झाली.

संध्याकाळी भाकरी करायला बसली, तर एका माणसापुरतं पीठ घ्यायला हाताला जमेना. जास्तीची भाकरी तिनं दारातल्या गाईपुढं टाकली. गाईशी बोलावं असं वाटलं, पण बोलायला काही सुचेना. रानात मातीची मूठ दाबून बघितली होती. ढेकूळ बांधायच्या आतच फुटत होतं, ओल उडत चालली होती.

सकाळी इंजिन लावायच्या आधी तिनं पट्टी पुन्हा ओढली. फेस रात्रीतून बसला होता आणि पट्टीच्या नुसत्या टोकाला तेल लागलं होतं. काल खुणेपर्यंत आला होता तो फेस! तेलच कमी, म्हणून पंप हवा ओढत होता. पण मग तेल गेलं कुठं? जमिनीवर डाग म्हणून नव्हता.

डोकं धरून ती गाईला कडबा काढायला गेली. पेंढ्या डंपिंग ट्रॉलीखाली रचलेल्या. वाकताना नजर वर गेली आणि ती तशीच थांबली. ट्रॉलीचा हौदा तिरका वर उचललेला होता. ट्रॅक्टरच्याच तेलावर तो उचलणाऱ्या जॅकचा दांडा पुरता बाहेर, लखलखीत.

निघायच्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. कडबा भिजू नये म्हणून कल्याणनं ट्रॉली उचलली, खाली पेंढ्या रचल्या, लाकडाचा टेकू दिला आणि तेलाची नळी, होज, काढून ट्रॅक्टर मोकळा केला. ट्रॅक्टरचं तेल जॅकमध्येच कोंडून राहिलं. रागानं न बोलता गेलेला माणूस गाईच्या चाऱ्याची सोय करून गेला होता, आणि त्याच हातानं बायकोची पेरणी अडवून. हसावं का रडावं, तिला कळेना. पेंढीवर बसून तिनं दोन्ही केलं.

मग उठली. कडबा सगळा एकटीनं बाहेर काढला. ट्रॅक्टर मागं लावून होज जोडली, टेकूला दोरी बांधून तो लांबून ओढला आणि ट्रॉली हळूहळू खाली घेतली. तेल घरी आलं. फेस बसेपर्यंत थांबली. पेरणी यंत्र सोडून रिकामी लिफ्ट संथ इंजिनावर वर-खाली, वर-खाली करत राहिली. आवाज मऊ होत गेला. एकदाची लिफ्ट वर गेली आणि वरच राहिली.

शुक्रवारी दिवस मावळायला शेवटचं तास झालं. तेवढ्यात कल्याणचा फोन.

‘‘उद्या गाडीत येती ना?’’

‘‘पेरलं समदं.’’

पुढं तीच म्हणाली, ‘‘ट्रॉली उभी करून गेलाव. तेल तिकडंच अडकलं हुतं.’’

‘‘आभाळ आलं हुतं म्हनून केली. ध्यानात न्हाई आलं माज्या. बरं. ठिवतो. पाचट जाळाया फडात आग लावलीया, जायाचंय.’’

तो आणखी काहीतरी विचारेल म्हणून ती फोन कानाला धरून राहिली. फोन कधीच बंद झाला होता.

शनिवारी गाडी तिच्या बांधाजवळून गेली. आतल्या बायकांनी हात केले, तिनंही केला. धुरळा खाली बसला. ती जिंकली होती, आणि ते सांगायला उन्हाळ्यापर्यंत कुणी येणार नव्हतं.

तुमच्या घरातली, भावकीतली अशी कुणी बाई मागं राहिली असेल, तर हे बाजूला ठेवा आणि तिला आत्ताच फोन लावा. काम सांगायला नको. ती कशी आहे ते विचारा, आणि ‘‘बरी हाय’’ म्हणाली की लगेच ठेवू नका.