सोनवण्यांचे जावई

राधाकिशनला अर्धवट राहिलेली गोष्ट सोसवत नसे. कुणी 'मग काय झालं माहितीय का' म्हणून मध्येच उठून गेलं, तर हा पठ्ठ्या त्याच्या घरापर्यंत मागं जायचा. धारूरच्या डोंगरकडेला चिंचदऱ्याच्या सेवा सोसायटीत तो शिपाई होता. त्र्याहत्तरच्या दुष्काळात सोसायटीत ना खत, ना बियाणं, ना माणूस. दिवसभर तो एकच टेबल पुसत बसे. हे चेअरमन आप्पारावांच्या डोळ्यांत सलायचं.

"राधाकिशन, बसून भुईला भार हू नको," एक दिवस ते म्हणाले. "हुतात्म्यांच्या खांबाचा चुना गळाया लागलाय. महाराष्ट्र दिनाला आपण दगडी खांब उभा करू. दगड तर गावभर पडलाय. तू नावं आन. नाव, बापाचं नाव, आडनाव. अर्धं नाव कोरायचं न्हाई."

निजामाच्या शेवटच्या वर्षी घाटातल्या लढाईत गावचे सात जण पडले होते. वर्षभरानं गावानं खांब बांधला आणि कुणीतरी रंगानं नावं लिहिली. राधाकिशनचा आनंद गगनात मावेना. त्यानं तलाठ्याचं दप्तर उपसलं. दोघांची घरं कारखान्यावर ऊस तोडायला गेली होती, तर हा सायकल हाणत त्यांच्या पाचटाच्या कोप्यांपर्यंत गेला, चुलीपुढं बसून त्यांच्या आज्याचं नाव विचारून आला. पंधरा दिवसांत सहा नावं चोख झाली.

सातव्या ओळीत लिहिलं होतं, 'सोनवण्यांचे जावई'.

झालं होतं असं की सोनवण्यांना एकच लेक, भिवराबाई. म्हणून त्यांनी घरजावई केला. तो वैशाखात आला आणि श्रावणात घाटात लढणाऱ्या पोरांना भाकरी पोचवताना गोळी लागून गेला. प्रेतही हाती लागलं नाही. तीन महिन्यांत गावानं त्याला हाक मारली ती 'जावईबापू' म्हणूनच. जावयाला नावानं कोण बोलावतं? सोनवणे नवराबायको पुढं वारले, आणि नाव त्यांच्याबरोबर गेलं. राधाकिशननं मतदार यादी पाहिली. तिथंही कुणा शहाण्यानं लिहून ठेवलं होतं, 'भिवराबाई भ्रतार जावई'. जावई केजकडचा होता एवढं एका म्हाताऱ्याला आठवत होतं. राधाकिशन केजला गेला. तिथं लोकांनी त्यालाच विचारलं, "इकडून तर लई जावई गेलेत. तुला कोणता पायजे?"

"मग ते नाव सोड," आप्पाराव म्हणाले. "दगडावर जावई कोरला तर सारं धारूर हसंल. सोमवारी पाथरवट येतोय. सहाच कोरू."

राधाकिशनला जेवण जाईना. तीन महिन्यांचा का होईना, माणूस गावासाठी मेला, आणि गावच त्याला खांबावरून उतरवायला निघालं होतं.

नाव ठाऊक असलेलं एकच माणूस उरलं होतं, पण विधवेला नवऱ्याचं नाव कसं विचारायचं म्हणून तो इतके दिवस टाळत होता. रोजगार हमीच्या रस्त्यावर भिवराबाई खडी फोडायची. चाळिशीची, काटक, दिवसभर घण हाणूनही न दमणारी बाई. राधाकिशन तिच्यासमोर उकिडवा बसला.

"भिवरामावशी, पाव्हण्याचं नाव काय व्हतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. "नवऱ्याचं नाव घेत असत्यात व्हय रे? आयुष्य कमी व्हतं."

"आता त्यांचं आनखी काय कमी व्हायचंय?"

हे बोलला आणि त्यानं जीभ चावली. पण भिवराबाई रागावली नाही.

"बरं, मी नावं म्हनतो. तू नुसती मान हलीव."

"तसं न्हाई," ती म्हणाली. "दुसऱ्याच्या तोंडून त्यांचं नाव यायचं न् मी मान डोलवायची, असं न्हाई जमायचं मला." आणि ती खडी फोडू लागली.

त्यानं घरी येऊन बायकोला, साखराबाईला सगळं सांगितलं. तीही त्याच कामावर होती. ती हसू लागली.

"कावून हसतीस?"

"नाव असं विचारत असत्यात का? मस्टरवरचा कारकूनच जसा." मग तिचं हसू थांबलं. "पंचवीस वर्सांत एका बाईनं तिला नाव घे म्हनलं न्हाई बगा. रांडमुंड बाईला उखाणा कोन घ्यायला लावतंय? मी बी न्हाई लावला. उद्या आमी बगतो."

शनिवारी दुपारी मजुरांना खायला सुकडी वाटायची वेळ झाली. रांग खडीच्या दोन ढिगांमधून जायची. भिवराबाई तिथं आली, तर साखराबाईनं आणि एका तरण्या बाईनं पदराला पदर बांधून वाट अडवलेली. मागं चाळीस बाया उभ्या. राधाकिशन पाण्याच्या पिपाआड कानाला पेन्सिल लावून.

"नाव घे, मग सोडतो," साखराबाई म्हणाली.

"येडी का काय तू? मला?"

"तुलाच. तुजं लगीन झालं न्हाई का?"

भिवराबाईनं इकडं तिकडं पाहिलं. कुणी हटेना. राधाकिशनला वाटलं, आता ही रडणार आणि पाप आपल्या माथी बसणार. पण तिनं घण खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि मान खाली घालून म्हणाली,

"खडी फोडते उन्हात, घाम आला कपाळी,
त्रिंबकरावांचं नाव घेते, आज माजी दिवाळी."

बायांनी अशा टाळ्या पिटल्या की मुकादम पळत आला.

"भर उन्हाळ्यात कुठली गं दिवाळी?" कुणीतरी विचारलं.

"लग्नात समदे नाव घे म्हनत व्हते," भिवराबाई म्हणाली. "मी लाजून पळाले. रात्री त्यांना म्हनलं, दिवाळसनाला घेते. ते म्हनले, बरं, मी वाट बगतो." तिनं खाली ठेवलेला घण पुन्हा उचलला. "दिवाळीच्या आत गेले. त्यांनी ऐकलंच न्हाई माज्या तोंडून."

साखराबाई रडत होती आणि हसतही होती. राधाकिशन पिपाआडून पुढं आला.

"मावशी, त्यांच्या वडलांचं नाव?"

"आता सासऱ्याचं बी घ्यायला लावतो का मेल्या?" असं म्हणत तिनं तेही घेतलं, आडनाव सांगितलं, गाव युसूफ वडगाव सांगितलं. एकदा तोंड उघडल्यावर ती थांबेना. त्रिंबकराव कसे चालायचे, त्रिंबकरावांना कारळ्याची चटणी कशी लागायची. संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावर हे नाव शंभरदा निघालं.

एक मेला सोसायटीसमोर खांब उभा राहिला. आप्पाराव मोठ्यानं एकेक नाव वाचू लागले. 'त्रिंबक देवराव गदळे' म्हणताच सगळ्या बायांनी वळून पाहिलं. भिवराबाई जागेवर नव्हती. राधाकिशनला ती दिसली ती साखराबाईच्या पाठीमागं, पदरात तोंड लपवून. ती लाजली होती.